सेवा अभ्यासक्रमात उतरावी, कागदावर नव्हे

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतून सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर या साच्यातून तिने महाविद्यालयीन तरुणांच्या अनेक पिढ्यांना गावाच्या वेशीपर्यंत नेले, हे निर्विवाद आहे. मात्र शिबिरातील सेवा आणि वर्गातील अभ्यास यांची गाठ क्वचितच पडली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात समाजसहभाग प्रकल्पास श्रेयांक मिळू लागले आणि ही गाठ बांधण्याची संधी चालून आली.

तिचा उत्तम विनियोग शेजारच्या शाळेत होऊ शकतो. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील शासकीय शाळांत पाचवीच्या शंभरांपैकी सुमारे ४५ मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. मागे पडलेल्या मुलाला जवळ बसून वाचून घेणारा दादा किंवा ताई हवी असते. लाभ एकतर्फी मात्र नाही. हातच्याच्या वजाबाकीत मूल नेमके कोठे चुकते, हे शोधताना गणिताच्या विद्यार्थ्याला स्थानिक किमतीचा अर्थ नव्याने उमगतो. जोडाक्षरापाशी अडखळणारे मूल मराठीच्या विद्यार्थ्याला भाषाविज्ञान शिकविते.

एका श्रेयांकास ३० तास धरले, तर दोन श्रेयांकांचे ६० तास होतात. पंधरा आठवडे, दर आठवड्यास दोन तास मुलांसमवेत आणि उरलेले ३० तास पूर्वतयारी, नोंदवही व प्राध्यापकांशी चर्चा यांसाठी, अशी विभागणी सहज शक्य आहे. या चिंतनाविना सेवा घडेल, शिक्षण घडणार नाही.

धोके दोन आहेत. खोट्या स्वाक्षऱ्या आणि छायाचित्रांपुरती हजेरी हा पहिला. दुसरा अधिक गंभीर आहे. सत्र संपताच दादा दिसेनासा झाला, तर आधीच मागे पडलेले मूल पुन्हा एकाकी होते. म्हणून महाविद्यालयाने एकच शाळा दीर्घकाळासाठी निवडावी आणि प्रत्येक मुलाची नोंदवही पुढील तुकडीच्या हाती सोपवावी. विद्यार्थ्यांना रिक्त पदांवरील फुकटचे शिक्षक समजण्याचा मोह शासनानेही टाळावा.

समाजाच्या पैशावर शिकणाऱ्याने समाजाचे ऋण फेडावे, ही आपली जुनी धारणा आहे. श्रेयांक हे त्या ऋणाचे निमित्त ठरावे. त्याची पावती नव्हे.