दिल्लीचा मसुदा, बंगळूरचा नकार

म्हैसूरच्या गृहिणीने सकाळी नळ सोडला की हंड्यात पडणारे पाणी सह्याद्रीतून आलेले असते. कावेरी येते कोडगूतून, कबिनी केरळच्या वायनाडमधून. घाटातले जंगल शाबूत, तर म्हैसूरचा नळ चालू. हेच जंगल हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून लाकडात नि मातीत साठवते. ते तुटले की तो साठा पुन्हा हवेत.

2030 पर्यंत जंगले वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषून घेऊ, असा शब्द केंद्र सरकारने 2015 साली जगाला दिला. शब्द दिल्लीचा, पण जंगल राज्यांच्या ताब्यात! भांडणाची ठिणगी इथेच पडते.

कस्तुरीरंगन समितीच्या 2013 च्या अहवालानंतर केंद्राने पश्चिम घाटाचे 'संवेदनशील क्षेत्र' ठरवणारे मसुदे काढायला सुरुवात केली. सहावा निघाला 31 जुलै 2024 रोजी. आदल्याच दिवशी वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसे गाडली गेली होती. मसुद्यात सहा राज्यांतले 56,825 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे; पैकी 20,668 एकट्या कर्नाटकात. तेथे खाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज केंद्रे, मोठी बांधकामे यांना मनाई. 26 सप्टेंबरला कर्नाटक मंत्रिमंडळाने तो साफ फेटाळला. लोकांच्या पोटावर पाय येईल, हे कारण. तेव्हा मुख्यमंत्री होते सिद्धरामय्या, म्हणजे खुद्द म्हैसूरचेच!

लोकांची भीती मात्र खोटी नाही. एकदा 'संवेदनशील' असा शिक्का बसला की कॉफी वाळवायचे खळे बांधायलाही सरकारी कचेरीचे उंबरे झिजवावे लागतील, असे कोडगूच्या बागायतदाराला वाटते. मसुद्यात शेती-बागायतीवर बंदी नाही, राहत्या घराच्या दुरुस्तीवरही नाही. पण त्याच्या ओसरीवर बसून, त्याच्या भाषेत हे समजावून सांगायचे कोणी? राज्याला त्यात रस नाही, केंद्राला वेळ नाही.

आणि केंद्र तरी कुठे धीट आहे? 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने अंतिम अधिसूचना काढण्याचा अधिकार त्याच्याकडेच आहे. तरी 10 वर्षांत नुसते सहा मसुदे! राज्याने नकार द्यायचा, केंद्राने मुदत संपू द्यायची आणि नवा मसुदा काढायचा. मते दोघांनाही हवीत ना!

2018 मध्ये कोडगूचे डोंगर खचले, 2020 मध्ये तळकावेरीजवळचा ब्रह्मगिरी. दोन्ही वेळा मसुदा फायलीतच होता.