पॅलाडिनची शपथ मुलांनाच निवडू द्या



आजचा विषय पाठ्यपुस्तकाबाहेरचा आहे, पण वाचून तर बघा. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा सगळ्यांनी मिळून गोष्ट रचत खेळायचा अमेरिकन खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली आणला. एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र होऊन बोलतात, आणि एखादी गोष्ट जमली की फसली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. त्यातलं एक पात्र म्हणजे पॅलाडिन, शपथेने बांधलेला योद्धा.

सातवीतला माझा भाचा हेच पात्र खेळतो. शपथ निवडायची वेळ आली तेव्हा त्याच्या बाबांनी नेटवर शोधून सगळ्यात जबरदस्त मारा करणारी शपथ काढून दिली. कौतुकानेच दिली हो, पण माझ्या मते मोठ्यांनी नेमकं इथेच मध्ये पडू नये.

कारण बघा. २०१४ च्या पुस्तकात पॅलाडिनला शपथ मिळते ती तिसऱ्या लेव्हलला. पहिल्या दोन लेव्हल तो नुसता खेळतो. हात ठेवून जखमा बऱ्या करतो, तलवारीच्या घावात दैवी तेज ओततो, माणसं भेटतात, चुकतो, शिकतो. मग त्याला विचारलं जातं की तू कशासाठी लढणार? आपण मुलांना हा प्रश्न किती वेळा विचारतो? आणि विचारलाच तर आधी दोन लेव्हल खेळू देतो का?

त्या पुस्तकात मुख्य शपथा तीन. डिव्होशन म्हणजे निष्ठेची शपथ. खोटं बोलायचं नाही, दुबळ्यांना जपायचं, कर्तव्य सोडायचं नाही. एन्शंट्स ही उजेडाची, आनंदाची शपथ. जगातलं हसू, गाणं, माया विझू द्यायची नाही. आणि व्हेंजन्स म्हणजे सूड. मोठ्या पाप्याला सोडायचं नाही, मग वाट कोणतीही असो.

आकडे बघितले तर सूड भारी वाटणारच. एका शत्रूवर नेम धरला की मिनिटभर त्याच्यावरच्या प्रत्येक वाराला दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. मुलांना आणखी काय हवं? पण सातव्या लेव्हलला एन्शंट्सवाल्याच्या आसपास दहा फुटांत उभ्या असलेल्या सगळ्या मित्रांना मंत्रांचा मार निम्माच लागतो. डिव्होशनवाल्याजवळ उभं राहिलं तर कुणी मोहिनी घालू शकत नाही. म्हणजे एकाची ताकद स्वतःच्या हातात, तर दुसऱ्या दोघांची शेजारी उभ्या असलेल्यांना मिळते. मारा मोजणाऱ्या यादीत हे दिसतच नाही.

सूडाची शपथ वाईट असं मी म्हणत नाही. गाव जाळणारा सापडेपर्यंत जे मूल स्वस्थ बसत नाही, त्याला तीच शोभेल. फक्त ती त्याच्या खेळातून आलेली असावी. शरण आलेल्या गॉब्लिनला त्याने सोडलं का? जखमी गावकऱ्यासाठी लढाई अर्धवट टाकली का? निवड करताना नेटवर शोधण्यापेक्षा मुलाला हे आठवायला सांगा.

एक अडचण मात्र खरी आहे. डिव्होशन घेतलेली मुलं कधीकधी वर्गाच्या मॉनिटरसारखी वागायला लागतात. टोळीत एखादा चोर असतो, तो कुलपं उघडतो, थापा मारतो, आणि आमचे पॅलाडिनसाहेब प्रत्येक वेळी त्याचं नाव फळ्यावर लिहायला तयार! खेळाचा विचका होतो. शपथ मी घेतली आहे, तू नाहीस, हे मुलांना आधीच समजावून द्यावं लागतं. (शिक्षकांनाही कधीकधी लागतं, पण ते असो.) लहान मुलांच्या टोळीसाठी म्हणूनच मला एन्शंट्स आवडते. तिच्यात शिस्तीचा धाक कमी आणि मोकळेपणा जास्त.

जुन्या नियमांत फार कडक कारभार होता. १९७८ च्या पुस्तकाप्रमाणे पॅलाडिनने जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की त्याचं पॅलाडिनपण कायमचं जायचं. आता शपथ मोडली तर प्रायश्चित्ताची वाट आहे. पाचवी-सातवीच्या मुलांसाठी मला हेच योग्य वाटतं. मोडायची भीतीच एवढी मोठी असेल तर मूल अवघड शपथ घेणारच नाही.

वर्गात करून बघायचं असेल तर खेळ पूर्ण यायलाच हवा असं नाही. तीनही शपथा सोप्या मराठीत सांगा आणि मुलांना आपल्या पात्राची शपथ चार ओळींत लिहायला लावा. पुस्तकातली भाषा नको, घरात बोलतो तीच चालेल. मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, "ही पाळताना तुला सगळ्यात जड काय जाईल?" ज्याला पटकन उत्तर सुचत नाही, त्याला घाई करू नका. आणखी एक दिवस खेळू द्या.