तीन सेन्सर, एक पाऊस

माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. तिन्ही दरडी जुलैतल्या, मुसळधार पावसातल्या. अशा उतारांवर सेन्सर बसवायचे म्हटले, की केमिकल प्लांटमध्ये मुरलेल्या आपल्या मंडळींच्या हातून एक वाक्य सवयीने उतरते : तीनपैकी दोन नोडनी ‘धोका’ म्हटले की भोंगा वाजवावा. प्लांटमध्ये हा नियम चांगला रुळला आहे. डोंगरावर तो जसाच्या तसा उचलून नेणे आम्हाला पटत नाही.

उतारावरून खालच्या गेटवेपर्यंत वायर ओढता येत नाही. लोरा वापरायचे तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा मिळतो, पण सर्वांत लांब पल्ल्याच्या एसएफ-१२ वर एका संदेशात जेमतेम ५१ बाइट मावतात आणि तेवढ्यासाठी वाहिनी पावणेतीन सेकंद अडून राहते. कच्ची रीडिंग सतत पाठवणे बॅटरीला झेपत नाही. मग नोडने जागेवरच निर्णय करायचा आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढा एक बिट खाली धाडायचा.

समजा, एकेक नोड खरा धोका ८० टक्के वेळा ओळखतो आणि १० टक्के वेळा उगाच ओरडतो. कुणाही एकाच्या ‘हो’वर भोंगा वाजवला, तर धोका ९९.२ टक्के वेळा सापडतो, पण खोटे इशारे २७.१ टक्क्यांवर जातात. तिघांचेही ‘हो’ हवे म्हटले, तर खोटा इशारा हजारात एक. धोका मात्र निम्म्या वेळा हुकतो. दोघांवर भागवले तर ८९.६ आणि २.८. निविदेत घालायला हे आकडे झकास आहेत.

फक्त ते खरे ठरायला तिन्ही नोड आपापले, स्वतंत्रपणे चुकायला हवेत. रात्रभर पाऊस कोसळला की मातीतल्या पाण्याचा दाब तिन्ही ठिकाणी एकदमच चढतो. खांबांच्या बुडाची माती भुसभुशीत होते आणि टिल्टमीटर उताराच्या बाजूला कलतात. दरड जागची हललेलीही नसते! तिघे असे जोडीने चुकू लागले, की २.८ चा आकडा पुन्हा १० कडे सरकतो. आयईसी ६१५०८ मधला बीटा फॅक्टर याच सामायिक कारणासाठी आहे. प्लांटमध्ये असे कारण क्वचित उपटते, डोंगरावर ते चार महिने मुक्कामाला असते.

शास्त्राला हे नवे नाही. एका सेन्सरचा थ्रेशोल्ड दुसऱ्याच्या थ्रेशोल्डला बांधलेला असतो, आणि सेन्सर हुबेहूब सारखे असूनही त्यांचे सर्वोत्तम थ्रेशोल्ड वेगवेगळे निघू शकतात, हे टेनी आणि सँडेल यांनी १९८१ मध्येच दाखवले. त्सित्सिक्लिस यांनी १९८८ मध्ये थोडा दिलासा दिला : सेन्सर भरपूर आणि परस्पर स्वतंत्र असतील तर सगळ्यांना एकच थ्रेशोल्ड चालतो. तीन-चार नोडच्या उताराला तो दिलासा लागू नाही. निरीक्षणे एकमेकांवर अवलंबून असली तर अचूक उत्तर काढणे गणिती दृष्ट्या किती अवघड, हेही १९८५ मध्येच सिद्ध झाले आहे.

आणि आपण काय करतो? थ्रेशोल्ड नोडवाल्याच्या फॅक्टरी सेटिंगवर सोडतो आणि मतदानाचा नियम कंट्रोल रूमचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यावर. कंत्राटे दोन, आणि दोघांची एकमेकांशी गाठभेटही नसते.

बॅटरी वाचवण्यासाठी ‘नाही’ असेल तर गप्प बसायचे, ही युक्ती तत्त्वतः चांगली आहे. पण आठवडाभर ढग राहिले की सोलर पॅनेल उपाशी राहते, नोड बंद पडतो आणि गेटवे त्यालाही ‘नाही’च समजतो. त्यामुळे ठरलेल्या वेळी हजेरीचा छोटा संदेश हवाच. हजेरी चुकली तर तिला तिसरे उत्तर धरावे आणि भर पावसात चुकली तर तिचे वजन वाढवावे, कारण खांबच सरकला असण्याची शक्यता असते.

आमची सूचना साधी आहे. कच्ची रीडिंग नोडमधल्या मेमरी कार्डावर साठवू द्या. दिवाळीनंतर कार्डे उतरवून नोड किती वेळा एकत्र चुकले ते मोजा, आणि त्या आकड्यांवर पुढच्या जूनच्या आत थ्रेशोल्ड व मतदानाचा नियम दोन्ही कंत्राटदारांना एका टेबलाशी बसवून ठरवा. कार्डे काढून आणण्याची मजुरी निविदेत वेगळ्या ओळीत दाखवा. देखभालीच्या ठोक रकमेत ती घातली, तर वर चढून जायला कुणी तयार होत नाही.