एका रेणूची चाहूल

रेशीमकिड्याची मादी पतंग उडत नाही. पोटाच्या टोकाची ग्रंथी बाहेर काढून ती जागीच बसते आणि नर तिला शोधत येतो. तिच्या गंधद्रव्याची, बॉम्बिकॉलची, ओळख पटवायला जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट यांना सुमारे २० वर्षे आणि ५ लाख माद्या लागल्या. १९५९ साली ते जाहीर झाले. नराच्या पिसासारख्या शृंगिकेवरची एक चेतापेशी मात्र त्याच्या एकाच रेणूने जागी होते. आम्हाला हे आजही थक्क करते.

अत्यल्प द्रव्याची चाहूल सजीवांना कशी लागते, हा या अंकाचा विषय. कपाशीला पात्या-फुले लागली आहेत, गुलाबी बोंडअळीची धास्ती आहे, म्हणून तो आत्ताच घेतला. शेतातले कामगंध सापळे याच ज्ञानावर चालतात. ल्यूरमध्ये मादीच्या गंधाची नक्कल असते आणि नर पिशवीत अडकतो. एका सापळ्यात रोज ८ पतंग, तेही सलग ३ रात्री सापडले, तर उपाय करायची वेळ झाली, अशी शिफारस आहे. पतंग न मोजताच फवारा मारणे म्हणजे पैसाही वाया आणि मित्रकीटकही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एका पेशीचा क्षीण संकेत मेंदूतल्या गोंगाटात हरवत कसा नाही, यावर अंकात सर्वाधिक पाने दिली आहेत. पावसानंतरच्या मातीचा वास, म्हणजे जिओस्मिन, आपल्या नाकाला इतक्या चटकन कसा कळतो, तेही वाचायला मिळेल. तुमच्या सापळ्यांत यंदा काय दिसले, ल्यूर किती दिवसांनी बदलता, हे आम्हाला जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.