‘यात घाबरण्यासारखं आहे काय?’

‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ येऊन पंचवीस वर्षं उलटली, तरी त्याचं नाव निघालं की अजूनही दोन तट पडतात. एक म्हणतो, त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपलो. दुसरा म्हणतो, ऐंशी मिनिटं नुसती झाडं आणि रडारड; भूत कुठंय? १९९९ साली अमेरिकेत नेमकं हेच झालं होतं. रॉजर ईबर्टनी चारपैकी चार तारे दिले. पण थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांची मतं घेणाऱ्या सिनेमास्कोरच्या पाहणीत सिनेमाला ‘सी प्लस’ मिळाला, म्हणजे काठावर पास. आणि याच सिनेमानं जगभरात सुमारे २५ कोटी डॉलरचा गल्ला जमवला.

‘प्रेक्षकांना कळत नाही’ असं म्हणून हा वाद मिटवता येईल, पण ते आळशी समीक्षकाचं उत्तर झालं. तिकीट काढून आलेल्या माणसाच्या तक्रारी नीट ऐकून घ्यायला हव्यात. त्या मुख्यतः चार आहेत. त्यातल्या तीन तपासाला टिकत नाहीत. चौथी टिकते, पण अन्याय नक्की कुणावर झाला हे तक्रार करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

पहिली तक्रार : काही दिसतच नाही, पैसे नव्हते, म्हणून भूत दाखवलं नाही. आता तंबूचा प्रसंग आठवा. मध्यरात्री बाहेर लहान मुलांचे आवाज येतात, तंबूचं कापड कुणीतरी हलवतं, माहितीपट करायला जंगलात आलेली तिघं जीव मुठीत धरून अंधारात पळत सुटतात. पळता पळता त्यांच्यातली हेदर बाजूला बघून किंचाळते, ‘ते काय आहे?’ कॅमेरा मात्र तिकडे वळत नाही. तिथं पांढऱ्या कपड्यातला एक माणूस उभा केला होता, तो टिपायचा राहून गेला, असं पुढे दिग्दर्शकांनीच सांगितलं. म्हणजे हा भाग योगायोगाचा, हे मान्य. पण संकलनाच्या टेबलावर तो तसाच ठेवणं हा योगायोग नव्हता.

शेवटाचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. जानेवारी १९९९ च्या सनडान्स महोत्सवात आर्टिझन कंपनीनं सिनेमा सुमारे ११ लाख डॉलरना घेतला. आता पैसा हाताशी होता, आणि शेवट लोकांना कळत नाही ही काळजीही होती. पर्यायी शेवट चित्रित झाले. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी तरीही जुनाच ठेवला, फक्त सुरुवातीच्या मुलाखतींत एक माहिती पेरली : रस्टिन पार नावाचा खुनी एका मुलाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्याकडे तोंड करून उभं करायचा. ज्यानं हे ऐकलंय, त्याच्या पोटात शेवटच्या दृश्यात गोळा येतो. मुलाखतींच्या वेळी पॉपकॉर्नच्या रांगेत असलेल्याला एक माणूस भिंतीकडे तोंड करून उभा दिसतो, बस्स. दाखवायची सोय असताना न दाखवणं याला गरिबी म्हणत नाहीत. उलट २०१६ च्या ‘ब्लेअर विच’मध्ये पैसा होता, ड्रोन होता, लांब हातापायांची आकृतीही पडद्यावर आली. तिच्या भीतीनं कुणी दिवा चालू ठेवून झोपल्याचं निदान माझ्या ऐकण्यात नाही.

दुसरी तक्रार : कॅमेरा हलतो, डोकं गरगरतं. ज्यांना खरोखर मळमळलं त्यांच्याशी वाद नाही. शरीराशी वाद घालता येत नाही. पण ‘शूटिंग येत नव्हतं म्हणून हललं’ हे खोटं. सिनेमात दोन कॅमेरे आहेत : हेदरच्या हातात रंगीत व्हिडिओचा, आणि माहितीपटासाठी आणलेला १६ मिलिमीटरचा कृष्णधवल. चित्रण बहुतांशी नटांनीच केलंय. जीव धोक्यात असताना ही मुलगी कॅमेरा खाली का ठेवत नाही, या प्रश्नाचं उत्तर सिनेमातच आहे. तिघांपैकी जॉश तिचा कॅमेरा डोळ्याला लावतो आणि त्याला उमगतं, की यातून पाहिलं की समोरचं सगळं तितकंसं खरं वाटत नाही. हेदर त्याच आडोशाला बसलेली आहे. हलणारी चौकट म्हणजे तिचा थरथरणारा हात. ट्रायपॉडवर ती स्थिर केली असती, तर सिनेमाचा कणाच मोडला असता.

तिसरी तक्रार : हा अभिनय नव्हे, नुसता आरडाओरडा. या मताला तर पुरस्कारही लाभला. हेदरचं काम करणाऱ्या हेदर डोनाह्यूला त्या वर्षीच्या सर्वात वाईट अभिनेत्रीचा ‘रॅझी’ देण्यात आला. मेरीलँडच्या जंगलात ऑक्टोबर १९९७ मध्ये आठ दिवस हे चित्रण चाललं. लिहिलेले संवाद नव्हते, फक्त कथेचा आराखडा होता. तिन्ही नटांना फिल्मच्या डब्यांतून वेगवेगळ्या चिठ्ठ्या मिळत, दुसऱ्याच्या चिठ्ठीत काय आहे ते कळत नसे. रोजचं खाणं कमी कमी होत गेलं, आणि रात्री दिग्दर्शकांची मंडळी येऊन झोपमोड करून जात. या अवस्थेत डोनाह्यूनं आयत्या वेळी सुचलेल्या शब्दांत सगळ्यांच्या आयांची माफी मागितली. अर्धा चेहरा चौकटीबाहेर, एक डोळा विस्फारलेला, नाक वाहतंय आणि ते पुसण्याचंही भान नाही. नाटकी अश्रूंची सवय झालेल्याला हे ओंगळ वाटलं, तर त्यात नटीचा दोष काय?

मला वाटतं, राग अभिनयावर नव्हताच, तो पात्रावर होता. हेदर हुकूम सोडते, वाट चुकलोय हे कबूल करत नाही, सतत चित्रण करत राहते. ती लाडकी नायिका नाही. पण नकाशा ओढ्यात लाथाडणारा त्यांच्यातला तिसरा, माइक आहे, आणि वर हसत हसत तसं सांगणाराही तोच. त्याला रॅझी मिळाला नाही. हट्टी बाई पडद्यावर दिसली की चिडायचं आणि त्या चिडीला अभिनयाची समीक्षा म्हणायचं, ही खोड आपल्याकडेही अनोळखी नाही.

चौथी तक्रार : आम्हाला फसवलं. हो, फसवलं. खोट्या पोलिसी नोंदी असलेली वेबसाइट, बेपत्ता झाल्याची पत्रकं, टीव्हीवर खऱ्यासारखा सादर केलेला माहितीपट, हे सगळं ठरवून केलेलं होतं. मात्र प्रेक्षक सात-आठ डॉलर आणि एका संध्याकाळपुरता फसला. नटांची फसगत पुढे कित्येक वर्षं पुरली. पात्रांना त्यांचीच खरी नावं दिलेली, ते मेले अशी हवा केलेली, म्हणून प्रदर्शनाच्या दिवसांत त्यांनी लोकांसमोर यायचं नाही. डोनाह्यूच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. पुढे डोनाह्यूनं नावच बदललं, ती आता रे हॅन्स आहे. २०२४ मध्ये नव्या ‘ब्लेअर विच’ची घोषणा झाली, तेव्हा तिन्ही नटांनी सिनेमाचे हक्क आज ज्यांच्याकडे आहेत त्या लायन्सगेटला जाहीर पत्र लिहून मानधनाचा न्याय्य वाटा मागितला. फसवणुकीवर बोलायचं तर इथून सुरुवात करावी.

‘जाहिरातीनंच चालला’ हे मात्र याच तक्रारीला चिकटून आलेलं अर्धसत्य आहे. दुसरा भाग २००० साली आला, तेव्हा नाव घरोघरी पोचलेलं होतं आणि खर्च सुमारे दीड कोटी डॉलरचा होता. कमाई पहिल्याच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतही गेली नाही. जाहिरात माणसाला दारापर्यंत आणते. आज सगळं बनावट आहे हे ठाऊक असूनही नवा प्रेक्षक हा सिनेमा बघून अस्वस्थ होतो, त्याचं श्रेय वेबसाइटला कसं देणार?

आता जरा आमच्या बाजूच्या मंडळींकडे वळू, कारण सिनेमाचं नुकसान त्यांनीही कमी केलेलं नाही. ‘अहो, एवढ्याशा पैशात केलाय!’ हे त्यांचं पालुपद. ३५ ते ६० हजार डॉलर हा चित्रणाच्या टप्प्याचा खर्च म्हणून सांगितला जातो. विक्रीनंतर ध्वनी आणि इतर कामांवर काही लाख डॉलर आणखी गेले, हे कौतुकाच्या भरात गळून जातं. पण आकडा खरा धरला तरी स्वस्ताई हा गुण कसा? या सिनेमाच्या यशानंतर हातातला कॅमेरा हलवत किती स्वस्त भयपट आले आणि विसरले गेले. कमी खर्चाच्या सिनेमाला कुणी सवलतीचे गुण देऊ नयेत. सवलत म्हणजे अपमानच, फक्त गोड शब्दांत केलेला.

मग मांडायचं काय? हा सिनेमा चेटकिणीचा नाहीच. अमेरिकेत आजकाल हरवणं सोपं नाही, अशी हेदरची पक्की खात्री आहे. तिच्याकडे नकाशा आहे, होकायंत्र आहे, कॅमेरा आहे. नकाशा जातो. होकायंत्र दाखवेल तसे ते दिवसभर दक्षिणेला चालतात आणि संध्याकाळी सकाळच्याच ओंडक्यापाशी येऊन पोचतात. मला विचाराल तर सिनेमातला सर्वात भयंकर क्षण हाच. त्यात रक्त नाही, किंकाळी नाही, पण ज्या साधनांच्या भरवशावर शिकलेला माणूस जगतो ती निकामी झालेली दिसतात. भूत दिसेल म्हणून जो डोळे लावून बसलाय, त्याच्यासमोरून भीती निघून जाते आणि त्याला पत्ता लागत नाही.

‘मला भीती वाटली नाही’ हे विधान खोडता येत नाही, खोडूही नये. पण ती साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्षीदाराला उलटतपासणी चुकत नाही : कुठं पाहिलास, भरदुपारी मोबाइलवर की अंधारात? मुलाखती ऐकल्यास की पुढे ढकलल्यास? २०२२ मध्ये कॅनडातल्या काइल एडवर्ड बॉलनं स्वतःच्या लहानपणीच्या घरात १५ हजार डॉलरमध्ये ‘स्किनामरिंक’ केला. त्यात बराच वेळ दिसतात फक्त छताचे कोपरे आणि काळोखी बोळ. त्यावरही हेच दोन तट पडले, जवळपास त्याच शब्दांत. असे सिनेमे आणखी येत राहतील. त्यांच्याकडे स्वस्त म्हणून दयेनं पाहू नये, आणि जे दाखवण्याचं त्यांनी कबूलच केलेलं नाही त्याचा हिशेबही मागू नये. त्यांनी आपल्याकडून काय मागितलं, आपण ते दिलं का, आणि ते मागण्याजोगं होतं का, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत. त्यानंतरही कुणी सिनेमा वाईट म्हटला, तर ते मत मी गंभीरपणे घेईन.