राजगृह आणि भाड्याचे घर



नाशिकहून मुंबईस जाणाऱ्या आपल्या बांधवांपैकी बहुतेकांची वाट ठरलेली असते. नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस धरावी, दादरला उतरावे, पश्चिमेस चैत्यभूमीवर जाऊन अभिवादन करावे आणि मग पूर्वेस हिंदू कॉलनीत राजगृहाच्या दारी यावे. तळमजल्यावरील स्मारकात बाबासाहेबांचा अस्थिकलश, त्यांची छायाचित्रे आणि त्यांच्या वापरातील वस्तू पाहाव्यात, मुलाबाळांना दाखवाव्यात आणि सायंकाळच्या गाडीने परतावे. ही प्रथा चांगली आहे. तिच्यात दोष काढण्याचा माझा हेतू नाही. तथापि त्या दारातून बाहेर पडताना आपण एक प्रश्न बरोबर घेऊन निघतो काय, एवढेच मला विचारावयाचे आहे. हे घर बांधणाऱ्या पुरुषास त्याच्या तारुण्यात राहावयास घर कोणी दिले होते? आणि त्याच्या अनुयायास आज नाशिक शहरात घर कोण देतो?

पुढाऱ्यांच्या घरांची स्मारके आपल्याकडे थोडी नाहीत. आपल्याच जिल्ह्यात भगूर येथे सावरकरांचे जन्मघर जपून ठेवलेले आहे. मुंबईत गावदेवीला मणिभवन आहे. तेथे १९१७ पासून १९३४ पर्यंत गांधीजी मुंबईच्या मुक्कामात राहत असत. ते घर त्यांचे नव्हते. रेवाशंकर जगजीवन झवेरी या त्यांच्या स्नेह्याचे होते. स्नेह्याने दार उघडले आणि त्या घरास इतिहासात स्थान मिळाले. आता त्याच १९१७ साली बडोद्यास काय घडत होते ते पाहा. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. ही पदवी मिळविलेले आणि लंडनमधील अध्ययन अर्धवट टाकून परतलेले भीमराव आंबेडकर करारानुसार संस्थानच्या चाकरीसाठी बडोद्यात उतरले. त्यांना त्या शहरात एक खोली मिळेना. शेवटी त्यांनी पारशी नाव धारण करून पारशांच्या एका मुसाफिरखान्यात आसरा घेतला. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान देऊन गेला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवलेली आहे.

त्या हकीकतीतील एका भागाकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. त्या दिवशी बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आश्रय मागितला. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. मी तुला घेणार नाही, असे दोघांपैकी एकानेही म्हटले नाही. हिंदू मित्र म्हणाला की, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. दोघांनीही नकार दिला आणि दोघांनीही तो दुसऱ्याच्या नावावर लिहिला. मग कमाठी बागेत काही तास बसून, रात्रीची गाडी धरून, हा विद्वान मुंबईस परतला.

आज नाशिकात गंगापूर रोडला, इंदिरानगरला अथवा सिडकोत भाड्याने घर शोधणाऱ्या आपल्या तरुणास काय उत्तर मिळते? दूरध्वनीवर घर रिकामे असते. आडनाव विचारले जाते. आडनावाने उलगडा झाला नाही तर गाव विचारले जाते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर "तुम्ही घरात कोणाचा फोटो लावता?" असा प्रश्न येतो. मग घर अकस्मात दिलेले निघते. मालक म्हणतो, "माझे काही नाही हो, पण सोसायटीचे लोक ऐकत नाहीत." सोसायटीचा चिटणीस म्हणतो, "आमचे काही नाही, मालकाला विचारा." दलाल म्हणतो, "दोघांनाही फक्त शाकाहारी कुटुंब हवे आहे." माझ्या वकिलीच्या व्यवसायात अशी माणसे माझ्यासमोर येऊन बसली आहेत. शिक्षक, परिचारिका, बँकेतील कर्मचारी. अनामत रक्कम हातात, आणि घर नाही. बडोद्याचे नोकर आणि बडोद्याची पत्नी शंभर वर्षांनंतर सोसायटीचे रूप घेऊन उभी आहेत. नाही म्हणणारा नेहमी तिसऱ्याकडे बोट दाखवितो, हे या अन्यायाचे व्यवच्छेदक लक्षण होय.

आपल्यापैकी काहीजण यावर तोड काढतात. आडनाव बदलून सांगतात. घरमालक पाहावयास येणार असला म्हणजे भिंतीवरील भगवान बुद्धांची तसबीर काढून ठेवतात. मी त्यांना दूषण देणार नाही. बिऱ्हाड डोक्यावर घेऊन फिरणाऱ्यास स्वाभिमानाचा पाठ देणे सोपे असते. खुद्द बाबासाहेबांवर दुसऱ्याचे नाव घेण्याची पाळी आली होती. परंतु ते नाव घेऊनही अकरा दिवसांपलीकडे निवारा टिकला नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढे परळच्या इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत त्यांचा मोठा संसार चालला. तेथून १९३० नंतरच्या काही वर्षांत ते स्वतः बांधलेल्या राजगृहात राहावयास गेले. त्याच काळात आपल्या नाशिकात काय चालले होते? २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपले आईबाप, आजेआजोबा वर्षानुवर्षे त्या दारासमोर झगडले. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांस तो लढा थांबविण्याचा सल्ला दिला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. एकीकडे दुसऱ्याचे दार उघडत नव्हते. दुसरीकडे ग्रंथांसाठी प्रशस्त जागा राखलेले स्वतःचे घर उभे झाले होते. त्या घरास नाव कोणते दिले? जेथे तथागतांचा वारंवार वास झाला, त्या मगधाच्या प्राचीन राजधानीचे. नागपूरच्या दीक्षेस अद्याप वीसाहून अधिक वर्षे अवकाश होता, आणि हिंदू कॉलनी नावाच्या वस्तीत एका घराच्या दारावर 'राजगृह' हे नाव लागले होते. ज्या पुरुषास बडोद्यात खोलीसाठी स्वतःचे नाव झाकावे लागले, त्याने आपल्या घराच्या दारावर काहीही झाकले नाही. ही गोष्ट ज्याने मुलांना सांगितली नाही, त्याने राजगृह दाखविले असे मी म्हणणार नाही.

आता कायद्याकडे वळू. घर माझे आहे, ते कोणास द्यावे हा माझा अधिकार, असे मालक म्हणेल. हा आक्षेप पोकळ नाही. भाडे देण्याची ऐपत, राहणाऱ्यांची संख्या, कराराची मुदत हे सर्व पाहण्याचा त्याला अधिकार आहे. परंतु मालकी हक्कास मर्यादा आहे, आणि ती १९५५ सालीच घालून दिलेली आहे. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम या नावाने झालेला व १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जाणारा हा कायदा कलम ४ मध्ये सामाजिक निःसमर्थता लादणे हा अपराध ठरवितो. त्याच्या आठव्या खंडात कोणत्याही वस्तीत निवासाची जागा बांधणे, संपादन करणे अथवा तिचा भोगवटा करणे यांचा उल्लेख आहे. लगतच्या नवव्या खंडात धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना येतात. बडोद्याचे दोन्ही अन्याय एकापाठोपाठ एक तेथे लिहिलेले आहेत. भोगवटा या शब्दात भाड्याचे घर येते, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड अशी आहे, व अपराध दखलपात्र आहे.

त्याहून महत्त्वाचे कलम १२ होय. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडले असता, ते अस्पृश्यतेच्याच कारणावरून घडले असे न्यायालय गृहीत धरील. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर राहील. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मांतरितांचा अनुसूचित जातींत समावेश झाल्यामुळे हे कलम आपल्याही उपयोगाचे आहे. मात्र नकार घडला हे प्रथम आपणास सिद्ध करावे लागते, आणि तेथेच आपण उघडे पडतो; कारण नकार सदैव तोंडी असतो.

कायदा सर्वत्र आपल्या बाजूचा आहे, असेही मी सांगणार नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, सभासदत्व स्वसमाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध मानला. घर नाकारण्यास स्पष्ट शब्दांत मनाई करणारा स्वतंत्र कायदा झाला पाहिजे, ही मागणी म्हणूनच करावयास हवी.

लेखी कारणाचे बळ केवढे असते, हे बाबासाहेबांच्याच दुसऱ्या एका घराने दाखविले आहे. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन संग्रहालय केले. राहत्या जागेचा असा वापर मान्य नाही, म्हणून कॅम्डेनच्या नगर परिषदेने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. नकार लेखी होता, त्याला कारणे होती. म्हणून त्यावर अपील करता आले, सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. कागदावरील नकाराशी लढता येते.

यास्तव माझी विनंती अशी. घर पाहावयास जाताना एक साक्षीदार बरोबर न्या. जाहिरात जपून ठेवा. दूरध्वनीवरील बोलणे झाल्यावर तेच संदेशाने लिहून पाठवा आणि उत्तर मागा. सोसायटीचे नाव पुढे केले गेले, तर सोसायटीकडे लेखी विचारणा करा आणि पोच घ्या. नाशिकातील आपल्या प्रत्येक विहारात अशा नकारांची एक नोंदवही ठेवली जावी. तारीख, जागा आणि दिलेली सबब यांची तिच्यात नोंद असावी. वकिलांनी तिच्यातील प्रकरणे शुल्काची अपेक्षा न ठेवता चालवावीत; मी त्यास तयार आहे.

राजगृहास अवश्य जा. मुलांना अस्थिकलशापुढे नमन करावयास सांगा, आणि मग बाहेर येऊन दारावरील नाव त्यांच्याकडून मोठ्याने वाचवून घ्या. परत आल्यावर नाशिकातील आपल्या भाड्याच्या घरात भगवान बुद्धांची तसबीर दर्शनी भिंतीवर लावा. ती काढावयास कोणी सांगितलेच, तर त्याचे नाव, दिवस आणि वेळ लिहून ठेवा.