सदिच्छादूत आणि करदाते

१९५४ साली युनिसेफने डॅनी के या नटाला आपला पहिला सदिच्छादूत नेमले, तेव्हा त्यामागील हिशेब सरळ होता. प्रसिद्ध माणसाकडे लागलेले लोकांचे डोळे उपाशी मुलांकडे वळवावयाचे. पुढे नटांच्या जोडीला खेळाडू आले : २००६ मध्ये फेडरर, २०१० मध्ये मेस्सी, आणि दक्षिण आशियासाठी २०१३ मध्ये सचिन तेंडुलकर. हात धुण्याविषयी आणि शौचालयांविषयी तेंडुलकरांनी बोलावे, यात हसण्यासारखे काही नाही; आरोग्यखात्याच्या भित्तिपत्रकांपेक्षा त्यांचा शब्द अधिक ऐकला जातो.

तथापि प्रश्न पैशाचा आहे. युनिसेफचा निधी ऐच्छिक देणग्यांतून उभा राहतो आणि त्यातील मोठा वाटा निरनिराळ्या सरकारांचा, म्हणजे अंतिमतः करदात्यांचा असतो. २०१६ मध्ये स्पेनच्या न्यायालयाने मेस्सी यांना २००७ ते २००९ या वर्षांतील ४१ लाख युरोंचा कर चुकविल्याबद्दल दोषी ठरविले. बेलिझ आणि उरुग्वे येथील कंपन्यांतून जाहिरातींचे उत्पन्न फिरविले गेले होते. व्यवहार वडील पाहात, आपण केवळ खेळत होतो, हा त्यांचा बचाव २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला नाही. ‘सेव्ह द चिल्ड्रन’चे दूत रोनाल्डो यांनीही २०१९ मध्ये करविषयक गुन्हा कबूल केला. एका हाताने मुलांसाठी झोळी फिरवावयाची आणि दुसऱ्या हाताने शाळा-दवाखाने चालविणाऱ्या तिजोरीस भोक पाडावयाचे, हा प्रकार व्यक्तीच्या लोभाने पूर्णतः उलगडत नाही. देणगी दात्याच्या मर्जीवर असते आणि तिचे फोटो निघतात; कर हे कर्तव्य असते, त्याचे फोटो कोणी काढीत नाही.

मार्कस रॅशफर्ड याने जून २०२० मध्ये धरलेली वाट म्हणूनच निराळी होती. आईच्या तुटपुंज्या वेतनावर आणि शाळेतील मोफत जेवणावर वाढलेल्या या फुटबॉलपटूने धर्मादाय संस्थेसाठी पैसेही जमविले. परंतु तेवढ्यावर न थांबता त्याने खासदारांना उघड पत्र लिहून उन्हाळी सुट्टीतही गरीब मुलांच्या जेवणाची जबाबदारी सरकारने घ्यावी, अशी मागणी केली. दुसऱ्याच दिवशी सरकार नमले. इंग्लंडमधील सुमारे १३ लाख मुलांसाठी १२ कोटी पौंडांची तरतूद झाली. ऑक्टोबरमध्ये हीच सवलत पुढील सुट्ट्यांना लागू करण्याचा मजूर पक्षाचा ठराव संसदेने ३२२ विरुद्ध २६१ मतांनी फेटाळला, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारला पुन्हा माघार घ्यावी लागली.

सदिच्छादूत नेमणाऱ्या संस्थांनी यापुढे नेमणुकीबरोबरच संबंधितांच्या करभरण्याचा तपशील जाहीर करावा. सचोटीने कर भरणाऱ्या खेळाडूंनी तिला विरोध करावा, असे या मागणीत काहीच नाही.